पावसाचं वाहन आणि आमचं

पंचांगात पावसाळ्याच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन नेमून दिलेलं असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून ठरवायचं की या खेपेला पाऊस बेडकावर बसून येणार की गाढवावर. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पारावरची मंडळी खूश. मोर, उंदीर, गाढव आलं तर ‘बरंय, बघू’. कोल्हा किंवा मेंढा निघाला की बी-बियाण्याच्या दुकानदाराला चहा सांगायचीसुद्धा आठवण राहत नाही. या शास्त्राचं खरंखोटं करायला मी बसलेलो नाही. मला त्यातल्या एकाच गोष्टीचा हेवा वाटतो. पावसाचं वाहन चालूच झालं नाही, असं आजवर कुठल्या पंचांगात छापून आल्याचं मी वाचलेलं नाही. म्हैस कधी वाटेत बसली असेल, पण ती स्वतःच्या मर्जीनं बसते. तिचं बॉनेट उघडून कुणी आत डोकं घालत नाही.

आमचं वाहन पहिल्या पावसालाच बसतं.

आमचं वाहन म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात रंग पांढरा. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, ओढायचा चोक, आणि दार लावताना असा आवाज की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला कळावं, सर आले. सोलापूरच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून ती घेतली. सोलापूरचं आणि या गाडीचं नातं तसं जुनं. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, ते मूळचे सोलापूरचे. कारखाना कुर्ल्याला, नक्षा इटलीच्या फियाटचा. ज्या मॉडेलची दारं उलटी उघडायची, त्याला आपल्याकडं ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. १९६४ साली डिलाइट आली आणि १९७४ च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी झालं. डुकरापासून चितोडच्या राणीपर्यंत एवढी बढती हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या वाहनाला मिळालेली नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. आमच्या किल्लारीतली पद्मिनी अजून रस्त्यावर आहे. हलत नाही, हा भाग वेगळा.

तर मृगाचा पहिला बरा पाऊस झाला, सकाळी मातीचा वास सुटला, माणसं बांधावर निघाली आणि मी किल्ली फिरवली, की पुढचं ठरलेलं असतं. सेल्फ फिरतो. इंजिन फिरतं. घरघर, घरघर, घरघर. पेट घेत नाही.

आता कोकणातला किंवा मुंबईतला माणूस असता तर त्यानं पावसाला दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. आम्हाला ती सोय नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात पावसाला नाव ठेवणं म्हणजे पंगतीत बसून अन्नाला नाव ठेवणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली तेव्हा तिच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं आणि स्टेशनावर तिला बघायला गर्दी. ज्या मुलखात पाणी पाहुण्यासारखं रेल्वेनं आलं, तिथं ‘या पावसानं वैताग आणला बुवा’ हे वाक्य कुणी बोलत नाही. ओढ दिली की आम्ही महादेवाची पिंड पाण्यात बुडवतो, पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात. आणि एवढं करून आलेल्या पावसाला कुणी सांगायचं, की बाबा, तुझ्यामुळं माझी गाडी सुरू होत नाही?

मी एकदाच तसं बोललो होतो, शेजारच्या आबांसमोर. आबांनी पेरणीचं बी डोक्यावर घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि म्हणाले, “सर, गाडी इकून टाका. पाऊस ऱ्हाऊ द्या.”

तेव्हापासून मला एकच धंदा लागला. गाडी पावसात सुरू होत नाही हे तर खरं, पण पावसाला आरोपी न करता कारण शोधायचं. वरवर पाहता ही अट चमत्कारिक वाटेल, पण तिनंच मला इंजिन शिकवलं.

बॉनेट उघडलं की तपास एकट्यानं होत नाही. आमच्या नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद आहेत, लांबूनच दिसतं कुणाचं बॉनेट वर आहे ते. मग जो येतो तो आधी आत डोकावतो, नंतर ‘काय झालं?’ विचारतो, आणि उत्तर ऐकायच्या आत निदान सांगतो. माझं निरीक्षण असं आहे की प्रत्येकाचं निदान त्याच्या स्वतःच्या घरात शेवटचं जे बिघडलं त्यावरून येतं. किराणावाल्याचा इन्व्हर्टर गेला होता, म्हणून त्याला बॅटरी दिसते. निवृत्त तलाठ्यांच्या मते कागदपत्रांची मुदत संपली की गाडीचं मन लागत नाही. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा मोबाइलमध्ये बघून इसीयू रिसेट करा म्हणतो. माझ्या गाडीत इसीयू नाही, हे सांगितल्यावर तो गाडीकडं अशा नजरेनं बघतो, की तिच्यात इंजिन तरी आहे का. आणि आबांची विहिरीवरची मोटर जळाल्यापासून त्यांचं म्हणणं एकच: “कंडेन्सर गेलाय बगा.”

यात गंमत अशी, की आबा खऱ्याच्या सगळ्यांत जवळ होते. गाडीतही कंडेन्सर असतो आणि तोही जातो. त्या दिवशी गेला नव्हता, एवढंच.

खरं निदान करणारा माणूस आमच्याकडं एकच, किल्लारी पाटीवरचे उस्ताद. वय विचारू नये. त्यांनी डुक्कर फियाट, अँबेसेडर, जीप सगळं हाताखालून काढलं आहे. ते आले की आधी कुणाशी बोलत नाहीत. बॉनेटमध्ये वाकून नुसता वास घेतात. “पेट्रोल येतंय,” म्हणतात. मग एक प्लग खोलतात, त्याचं टोक बोटाला लावून बघतात. ओला. याचा अर्थ एवढाच की पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलं आणि जळलं नाही. प्लग कोरडा निघाला असता तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रस्ता तपासावा लागला असता. ओला निघाला म्हणजे अर्धी गाडी निर्दोष सुटली. इतकी सरळ उलटतपासणी मी न्यायालयातसुद्धा पाहिली नाही.

मग उस्ताद तोच प्लग त्याच्या वायरीला लावून इंजिनच्या लोखंडावर आडवा ठेवतात आणि मला ओरडतात, “मारा सेल्फ.” ठिणगी निळी आणि कडक पडली तर ठीक. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर उस्ताद कंबर सरळ करून जमलेल्या सगळ्यांना एकदमच निकाल सांगतात: “करंट खाऊन टाकलाय.”

कुणी खाल्ला, हा पुढचा प्रश्न.

करंट नावाची ही चीज अशी. बॅटरीत फक्त १२ व्होल्ट. तेवढ्यानं ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल असते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतला प्रवाह सीबी पॉइंट नावाचे दोन छोटे दात एकदम तोडतात, आणि तोडल्याच्या धक्क्यानं बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ते डेल्कोच्या टोपीत जातात, आत फिरणारा रोटर पाळीपाळीनं चार वायरींना वाटतो, आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. ही युक्ती अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याच्या कंपनीचं नाव डेल्को, आणि आपल्याकडचे सगळे उस्ताद त्या वाटप-यंत्राला आजही डेल्कोच म्हणतात.

वीस हजार व्होल्ट हा मोठा शब्द वाटतो, पण ते फार हट्टी नसतात. त्यांना जमिनीला मिळायचं असतं, मार्ग कुठलाही चालतो. प्लगच्या फटीतून उडी मारणं हा कष्टाचा मार्ग. त्यापेक्षा टोपीच्या बाहेरून, वायरीच्या अंगावरून हळूच उतरून लोखंडाला मिळता आलं तर ते तिकडूनच जातात. एरवी टोपीचं बॅकेलाइट त्यांना वाट देत नाही. ओल धरली की देतं. त्यात सकाळची थंड बॅटरी सेल्फ फिरवायलाच एवढी खपते की तिचे १२ व्होल्ट नऊ-दहावर येतात. कॉइलला तेवढंच कमी मिळतं, ठिणगी आधीच अशक्त. अशक्त ठिणगी आणि ओली टोपी, एवढ्यावर गाडी बसते.

म्हणजे शेवटी पाऊसच ना? असं मी उस्तादांना विचारलं. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि बाहेरून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला काळपट चिखल लागला. “सर,” ते म्हणाले, “पाण्यानं करंट जात न्हाई. ह्या धुरळ्यानं जातो.”

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक असतं हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं, पण ते माझ्या गाडीला लागू आहे हे सांगायला उस्ताद लागले. पावसाचं पाणी तसं बरंच स्वच्छ. त्याला वीज वाहायला क्षार लागतात, धूळ लागते, तेलाचा काळा थर लागतो. आणि ते सगळं आमच्याकडं फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जमा होत असतं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वावटळ उठते, लामजन्याकडून येणारी प्रत्येक ट्रॉली आपल्या वाटची धूळ सोडून जाते. ती ग्रीलमधून आत येते, टोपीवर, कॉइलच्या तोंडावर, चारी वायरींवर बसते. कोरडी असते तोवर काही बोलत नाही. गाडीही रोज पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मालकाला वाटतं, काय ठणठणीत गाडी आहे. मग मृगाचे चार थेंब येतात आणि उन्हाळाभराच्या कोरड्या धुळीचा चिखल होतो.

याला पुरावाही आहे. आमची गाडी मृगात बसते, आर्द्रात कुरकुरते आणि उत्तरा-हस्तात, जेव्हा पाऊस जास्त दांडगा असतो, तेव्हा बऱ्यापैकी चालते. पाऊस दोषी असता तर हत्तीच्या पावसात ती कायमची झोपली असती. पण तोवर एकदा उस्तादांनी, एकदा मी, असं सगळं पुसून झालेलं असतं. हे आबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. “मंजी उन्हाळ्याचा दोष,” ते म्हणाले. उन्हाळ्याला नाव ठेवायला आमच्याकडं कुणाची हरकत नाही.

करंट कुठून पळतो हे बघायचं असेल तर रात्री बॉनेट उघडावं. दिवसा काही दिसत नाही. अंधारात, पाऊस थांबल्यावर, गल्लीतला दिवा गेलेला असताना (यासाठी आम्हाला फार वाट पाहावी लागत नाही) सेल्फ मारायचा आणि नुसतं बघायचं. वायरींच्या अंगावरून बारीक निळ्या रेघा पळतात, टोपीच्या कडेनं तडतडतात, एखादी सरळ लोखंडाला जाऊन मिळते. जिथून पळतात तिथं कधी कधी केसाएवढी काळी रेघ कायमची उमटलेली असते. एकदा तो कोळशाचा मार्ग पडला की मग टोपी कितीही पुसा, कोरड्या दिवसातही करंट तिथूनच जातो. तेव्हा टोपी बदलायची, आणि पद्मिनीची टोपी आता लातुरात मिळत नाही. सोलापूर, हैदराबाद, शेवटी मुंबई. माझी बायको म्हणते, तुमच्या स्वतःच्या टोपीसाठी तुम्ही एवढे कधी फिरला नाहीत.

काळी रेघ नसेल तर उपाय साधा. टोपी, रोटर, वायरी काढायच्या, पेट्रोलात भिजवलेल्या चिंधीनं पुसायच्या (पेट्रोल लगेच उडून जातं, मागं ओल ठेवत नाही), आणि कोरडं करून परत बसवायच्या. प्रश्न कोरडं करण्याचा असतो. जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे तवा. आमच्या घरी तो एकदा झाला. चहा उतरल्यावर मंद आचेवर तवा, त्यावर फडकं, फडक्यावर डेल्कोची टोपी. “अहो, हे काय भाजायलाय?” असं आतून विचारणं झालं आणि त्यानंतर त्या तव्यावर भाकरी झाली नाही. नवा तवा औशाच्या बाजारातून आणला. जुना आता अधिकृतपणे गाडीचा आहे, डिकीत स्टेपनीशेजारी असतो.

ही दुखणी आपल्याच गाड्यांची आहेत असं कुणी समजू नये. १९५९ साली इंग्लंडात मिनी नावाची छोटी गाडी आली. अलेक इसिगोनिस या मोठ्या कल्पक माणसानं तिचं इंजिन आडवं बसवलं आणि डेल्को आला थेट पुढच्या जाळीमागं, पावसाच्या तोंडावर. ज्या देशात पाऊस बारमाही, तिथं हे. भिजलेल्या रस्त्यावर गाड्या बंद पडायला लागल्या आणि इंग्रजांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे डेल्कोवर चढवले, बोटांच्या टोकांतून वायरी बाहेर काढून. आम्ही सायकलीची जुनी ट्यूब कापून चढवतो. खेरीज ते डब्ल्यूडी-४० नावाचं फवारणीचं तेल. ते १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून बनवलं. पाणी हाकलणारं मिश्रण म्हणून ‘डब्ल्यूडी’ आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ‘४०’. एक डबी मीही आणली होती. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या आता मुक्या झाल्या आहेत.

वायरी परत बसवताना एक पथ्य असतं. चारी सिलिंडर ओळीनं पेटत नाहीत. क्रम १-३-४-२. एकदा त्या पुण्याच्या पोरानं मदत म्हणून वायरी बसवल्या आणि नैसर्गिक बुद्धीनं १-२-३-४ लावल्या. सेल्फ मारल्याबरोबर असा बार निघाला की गल्लीतली सगळी दारं उघडली आणि माणसं रस्त्यावर आली. म्हातारी माणसंसुद्धा, अनवाणी. कुणी काही विचारलं नाही. गाडी आहे हे कळल्यावर हसत, एकमेकांना सांगत परत गेली. दुसऱ्या कुठल्या गावात बार झाला तर माणसं खिडकीतून बघतात. किल्लारीत आधी मोकळ्यात येतात, मग बघतात.

ही सवय ३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्याआधी वर्षभर, १९९२ च्या ऑक्टोबरापासून, अधूनमधून धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. त्याही वेळी पारावर निदानं झाली होतीच. नंतर मोठी निदानं झाली. हैदराबादच्या भूभौतिकीय संस्थेच्या लोकांनी इथं खोल बोअर घेऊन काळ्या फत्तराखालचा जुना खडक लागेपर्यंत पाहिलं. तेरणेवरच्या धरणाचा संबंध आहे की नाही, यावर विद्वानांत वाद झाले.

पण माणसं मेली ती कशानं, यावर वाद नव्हता. घरांनी मारली. दोन-तीन फुटी दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. माळवद उन्हाळ्यात गार राहतं, फक्त पावसाळ्यात गळतं. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, चोपायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली, आपण टाकली. गळती थांबायची; छत मात्र दर वर्षी थोडं जड व्हायचं. थेंबभर पाण्याच्या धास्तीनं डोक्यावर किती माती चढली, ते कुणी मोजलं नाही. धुळीचं प्रकरण उस्तादांनी समजावलं तेव्हा मला का कोण जाणे माळवदच आठवलं होतं. मी ते त्यांना बोललो नाही. त्यांच्याही घरातली माणसं गेलेली आहेत.

नंतर ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. नवं गाव चौकोनी, आखीव. जुन्या किल्लारीतल्या गल्लीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागायचं. इथं रस्त्यावर पद्मिनी आडवी लावली तरी बाजूनं ट्रॅक्टर जातो. सुरुवातीला या रुंदीचा माणसांना राग यायचा. शेजार तुटला, ओट्यावरून ओट्यावर बोलता येईना, असं बायका म्हणत. बोलणं खरं होतं. पण गाडी ढकलायला असं गाव महाराष्ट्रात नसेल. एकच उणीव, उतार नाही. सपाट माळावर गाव वसवताना सरकारनं भूकंपाचा विचार केला, ढकलस्टार्टचा केला नाही. त्यामुळं माणसं लागतात. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून मी आत, आणि मागं आबा, तलाठी, किराणावाला, पोरं. ओल्या टोपीवर ढकलूनही उपयोग नसतो हे मला आता कळतं. पण बॅटरीला सेल्फचं ओझं उरत नाही, कॉइलला पुरे व्होल्ट मिळतात, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानं जमूनही जातं. जमलं की ज्याचं जे निदान होतं ते खरं ठरलं असं समजून प्रत्येक जण घरी जातो.

गेल्या काही वर्षांत नवा संशयित आला आहे. पेट्रोल. आधी ‘पेट्रोलात पाणी’ म्हटलं की पंपवाल्याकडं बोट जायचं. आता त्याची गरज उरली नाही. पेट्रोलात इथेनॉल मिसळतात, २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात मुरवतं. मर्यादेबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलची साथ सोडून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि नळी तर तळाशीच असते. नव्या गाड्या त्या हिशोबानं बनवतात. पद्मिनीच्या वेळी हा हिशोब कुणी केला नव्हता. तिच्या रबरी नळ्यांनाही तो मानवत नाही. महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी असलेली जुनी गाडी पावसाळ्यात सुरू होत नसेल तर आता प्लग ओला आहे एवढ्यावर भागत नाही. तो कशानं ओला आहे, हेही बघावं लागतं. उस्ताद बाटलीत पेट्रोल काढून उजेडात धरतात आणि दोन थर दिसतात का ते पाहतात.

हे इथेनॉल बरंचसं आपल्याच उसाचं. दुष्काळी मराठवाड्यात ऊस लावू नका, तो सगळं पाणी पितो, असं किती तज्ज्ञ सांगून गेले. आमच्या किल्लारीलाही साखर कारखाना आहेच. ऊस तोडला, गाळला, त्याचं मद्यार्क केलं, पेट्रोलात मिसळलं, माझ्या टाकीत ओतलं, तरी त्यानं पाणी प्यायची सवय काही सोडली नाही. आबांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले, कारण त्यांच्याकडं सोयाबीन आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मात्र आमची शिस्त मोडली. मराठवाड्यावर असा पाऊस झाला की नद्यांनी शेतं खरवडून नेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना पावसाला बोलताना ऐकलं. मोठ्यानं नाही. बांधावर उभं राहून, पाण्याकडं बघत, दोनच शब्द. ते शब्द इथं लिहिण्याजोगे नाहीत, आणि त्यांचा त्यांना हक्क होता.

त्याच आठवड्यात उस्तादांच्या गॅरेजात एक नवी कोरी गाडी टोचन करून आणलेली मी पाहिली. पाण्यातून काढली होती, इंजिन थडथडत होतं. नव्या गाड्यांत डेल्को नसतो, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असते, त्यामुळं उस्तादांचं निम्मं ज्ञान आता माझ्याच गाडीपुरतं उरलं आहे. म्हणून मुलाच्या आग्रहानं त्यांनी एक स्कॅनर घेतला आहे. मुलानं तो स्टिअरिंगखाली जोडला, थोडा वेळ थांबला आणि वाचून दाखवलं, “पी-०३००. रँडम मिसफायर.”

“मंजी काय?” उस्तादांनी विचारलं.

“मंजी गाडी मिसफायर मारायलीय, अब्बा. कुठल्याही सिलिंडरला.”

“ते तर मालकानंच सांगितलं की. मिसफायर मारायलीय म्हणून तर आणलीय.” उस्तादांनी मशीनकडं एकदा पाहिलं. “ह्येला इचार कामून मारायलीय.”

मशीनमध्ये तसलं बटण नव्हतं. उस्तादांनी बॉनेट वर केलं, खाली वाकले आणि आधी वास घेतला. गाडीचा मालक, लातूरचा कुणी तरुण वकील, घड्याळात बघत मला हळूच म्हणाला, “काका, हे काय करायलेत?”

“उलटतपासणी,” मी म्हणालो. “बसा. चहा सांगतो.”